शेवटचा कोण?

साबण घेतलात ना? एक वडी पुरायची नाही, चार घ्या. काडेपेटी घ्या, शिवणाच्या सुया घ्या आणि कमरेचा पट्टा असा घ्या, की त्याला आणखी दोन भोकं पाडता येतील. मोबाइल इथंच राहू दे. तिकडे तो जवळपास कुणाकडेच नाही, मग लावणार कुणाला? साखर मात्र नको. आपण निघालोय तिथं दुसरं काही नसलं तरी साखर आहे.

झालं? मग ओलांडा उंबरठा. डिसेंबर १९९३. हवाना, क्युबा.

पहिल्यांदा खटकते ती शांतता. चांगला ऐसपैस रस्ता, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओसऱ्यांची जुनी घरं, पारंब्या सोडलेली झाडं, भर दुपार आणि इंजिनाचा आवाज म्हणून नाही. आहे ती नुसती किरकिर. साखळ्यांची, पायट्यांची, वंगण न मिळालेल्या चाकांची. सायकली, सायकली आणि सायकली. रशियाचं तेल आटलं, म्हणून या बेटानं चीनकडून १० लाखांहून जास्त सायकली आणल्या. मोठ्या कारणांवर बोलायला इतर पुष्कळ लोक आहेत, आपल्याला इथं पोटऱ्यांशी मतलब. ही बघा एक आली: नवरा पायटे मारतोय, दांडीवर पोर, मागे कॅरिअरवर एका अंगानं बसलेली बायको आणि तिच्या तळहातावर उघडा, क्रीमचा, गुलाबी केक. खड्डा आला की तिघंही श्वास रोखतात. तुम्हीही रोखता.

वास येतो तो आधी समुद्राचा, मग रॉकेलचा. पुढचा महिनाभर हे दोन वास तुमच्या शर्टातून जाणार नाहीत.

तुमची खोली वेदादो भागात, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण तिच्याकडे बघू नका, तीही तुमच्याकडे बघत नाही. खोली कायदेशीर नाही हे आधीच सांगून ठेवतो. परदेशी पाहुण्यानं हॉटेलात राहायचं असतं. तेव्हा जिन्यात कुणी विचारलंच, तर तुम्ही घरमालकीणबाईंच्या मेव्हण्याच्या ओळखीतले. पटत कुणालाच नाही, विचारत कुणीच नाही. बाई साठीच्या, सडपातळ. त्यांच्या भिंतीवरच्या जुन्या फोटोतल्या त्या गुबगुबीत बाई याच, हे कळायला तुम्हाला दोन दिवस लागतात. पाच मिनिटांत त्या तुम्हाला 'मी आमोर' म्हणतात, म्हणजे 'माझ्या प्रेमा'. हुरळून जाऊ नका. इथं हे बसच्या ड्रायव्हरलाही म्हणतात, पाववाल्यालाही म्हणतात आणि भांडताना तर हमखास म्हणतात.

पहिल्या सकाळी तुम्ही टॉवेल घेऊन न्हाणीघराचं दार उघडता आणि टबातून एक डुक्कर तुमच्याकडे पाहतं.

दचकू नका, ते ओरडणार नाही. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्याच्या गळ्याचं बारीकसं ऑपरेशन झालेलं आहे. शहरातल्या कितीतरी टबांत असेच मुके भाडेकरू आहेत. वर्षअखेरीची मेजवानी ती. बाई त्याला सालपटं घालतात, पण सालपटं तरी उरतात कुठं? इथल्या गरिबीनं स्वयंपाकाला अजब वळणं दिलीत. तोरोंहा म्हणून आपल्या पपनसाच्या जातीचं फळ आहे. त्याच्या सालीतला पांढरा, जाड भाग पुन:पुन्हा उकळून कडूपणा घालवायचा, मीठ-लसूण लावायचं, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळायचं. याला 'स्टेक' म्हणायचं. बाई ताट पुढं करतात आणि तुमच्या तोंडाकडे बघत बसतात. लसणीची चव येते, तळणाची येते, आणि चावताना ओल्या पुठ्ठ्याची आठवण येते. "छान झालंय" म्हणा. हे सौजन्य नव्हे. उकळून उकळून त्यांनी अर्धा दिवस आणि बरंचसं रॉकेल घातलंय त्यात.

तुम्ही आंघोळ बादलीनं करता, डुकराच्या देखत. पाणी आज आलंय, उद्याचं उद्या.

नाश्त्याला रेशनचा पाव. माणशी रोज एक, मुठीएवढा. सोबत कॉफी, जिच्यात भाजलेले वाटाणे दळून मिसळलेत, त्यामुळे ती कॉफीच्या नात्यातली वाटते, सख्खी नाही. भूक उरलीच तर पाण्यात तांबूस साखर ढवळून प्यायची. या पेयाचं नाव 'कोंबड्याचं सूप'. कोंबडा कुठाय, असं विचारायचं नसतं. मग व्हिटॅमिनची गोळी. ती चुकवायची नाही. या वर्षात ५० हजारांहून अधिक लोकांना नजर धूसर होण्याचा किंवा पाय बधिर होण्याचा आजार झाला, तेव्हापासून गोळ्या घरोघर येतात. बाईंनाही चार महिन्यांपूर्वी अक्षरं विरघळल्यासारखी दिसायला लागली होती. आता बरं आहे. गोळी गिळून त्या खिडकीपाशी जातात, एक मोठा, घडी पडलेला कागद हात लांब करून धरतात आणि डोळे बारीक करून वाचतात.

तो हवानाच्या सिनेमा महोत्सवाचा कार्यक्रम आहे.

कोपऱ्यातला रेडिओ टिकटिकतोय. बिघडलेला नाही. 'रादिओ रेलोह', म्हणजे घड्याळ-रेडिओ, असं स्टेशनच आहे. बातम्या देणाऱ्याच्या आवाजामागे अहोरात्र सेकंदाची टिकटिक, दर मिनिटाला वेळ. ज्या शहरात एकही गोष्ट वेळेवर येत नाही, तिथं वेळ तेवढी अचूक कळते. गंमत म्हणजे हे घड्याळ जिथून चालतं, त्याच इमारतसमूहात 'यारा' हे थिएटर आहे. तिकडेच निघायचंय आपल्याला.

पण थांबा. त्याआधी एक वाक्य शिकून घ्या, त्याशिवाय तुम्ही या शहरात जगणार नाही. "एल उल्तिमो?" शेवटचा कोण?

रांग म्हणून तुम्हाला जे माहीत आहे, ते विसरा. पावाच्या दुकानापुढे पन्नास माणसं आहेत. कुणी कट्ट्यावर, कुणी झाडाखाली, दोघं डॉमिनो आपटतायत, एक बाई पोराच्या डोक्यातल्या उवा बघतेय. रांग कुठाय? रांग हवेत आहे. तुम्ही यायचं, मोठ्यानं विचारायचं, "एल उल्तिमो?" कुठून तरी एक हात वर होतो. आता तुम्ही त्या हाताच्या मागे. लगेच दुसरा प्रश्न विचारायचा: तुमच्यापुढे कोण? कारण हा माणूस कंटाळून घरी गेला तर तुमचा दुवा तुटेल. मग नवीन कुणी येऊन ओरडतं, तुम्ही हात वर करता आणि त्या क्षणी तुम्ही मोकळे. सावलीत बसा, समोरच्या दुसऱ्या रांगेतही नंबर लावा, प्रेमात पडा. आपल्याकडे नंबराला पिशवी किंवा वीट ठेवतात. इथं माणूसच माणसाच्या लक्षात ठेवलेला असतो. मी तर म्हणेन, ही रांग नव्हे, न लिहिलेला दस्तऐवज आहे. पन्नास जणांनी मिळून पाठ केलेला.

आणि बहुतेकदा तो फुकट जातो. दोन तासांनी आतून माणूस येतो, हात झटकतो: संपलं.

सिनेमाच्या रांगेचं तसं नाही. हवानात या डिसेंबरात जितक्या रांगा आहेत, त्यांतली ही अशी एक, की जिच्या टोकाला काहीतरी नक्की असतं. मला विचाराल तर या सगळ्या वेडाचं मूळ तिथं आहे. लोकांनी वर्षाच्या सुट्ट्या यासाठी राखून ठेवल्यात. दहा-बारा दिवस. तिकीट किरकोळ पेसोंचं. दिवसाला तीन, चार, अंगात बळ असेल तर पाच सिनेमे. अर्जेंटिनाचे, ब्राझीलचे, मेक्सिकोचे, आणि घरचे.

भूगोल सोपा आहे. एकच रस्ता, २३ नंबरचा. समुद्राजवळ सुरू होऊन चढत जातो. खाली 'ला रांपा' थिएटर, चढावर 'यारा', पुढे 'रिव्हिएरा', बरंच पुढे 'चार्ली चॅप्लिन'. आडव्या गल्ल्यांना अक्षरांची नावं. एल, के, जे करत उलटे चालत ए-पर्यंत यायचं, अक्षरं संपली की आकडे सुरू, २, ४, ६, ८. सगळे सम. विषम कुठं गेले म्हणून शोधू नका, ते दुसऱ्या दिशेच्या रस्त्यांना दिलेत. बसची वाट बघण्यात अर्थ नाही. तिला इथं 'ग्वाग्वा' म्हणतात, आणि ती येते तेव्हा दारांतून माणसं घोसानं लोंबत असतात. त्यामुळे अख्खा महोत्सव पायी चाललेला असतो. एका थिएटरातून सुटलेला लोंढा दुसऱ्याकडे, वाटेत समोरून येणाऱ्यांना ओरडून विचारत: कसा होता? "भिकार! जाऊ नका!" ते ऐकूनही सगळे जातात.

'यारा'च्या दारात चला. दुपारी तीनचा खेळ, माणसं एकपासून जमलीत. सायकली शेजारच्या एका घराच्या अंगणात पैसे देऊन ठेवल्यात, तिथल्या आजोबांनी पत्र्याचे बिल्ले दिलेत. कागदाच्या निमुळत्या पुडीतले शेंगदाणे फिरतायत. पुडी हुबेहूब आपली, शेंगदाणे मात्र मोजके. कुणीतरी खिशातली छोटी बाटली पुढं करतो. घेऊ नका. घेतलीत? तिचं नाव 'आगगाडीची ठिणगी'. घरी गाळलेली. घशातून जाताना नाव सार्थ करते.

दार उघडतं आणि सगळी पाठांतरं संपतात. मघाचा तो सुसंस्कृत अदृश्य दस्तऐवज फाटतो, माणसं कोपरानं पोहत आत जातात. तुमची चप्पल एका पायरीवर राहते, तुम्ही दुसरीवर. कुणीतरी "मी आमोर!" म्हणत ती तुमच्या डोक्यावरून पुढं पाठवतं. आत ऊब. शेकडो शरीरांची, महिनोन्महिने नीट साबण न मिळालेल्या कपड्यांची, ओल्या उन्हाची. खुर्चीची स्प्रिंग वर आलेली. शेजारी आजी, मांडीवर पुठ्ठ्याचा पंखा. दिवे जातात. तीन सेकंद कुणीच श्वास घेत नाही, कारण दिवे खेळासाठी गेले की शहराचे गेले, ते अजून कळलेलं नाही. पडद्यावर उजेड पडतो आणि अख्खं थिएटर "आ…" करून सुटतं. टाळ्या त्या वेळीच. सिनेमाला नव्हे, विजेला.

गप्प बसून सिनेमा बघणारा प्रेक्षक हवा असेल तर तुम्ही चुकीच्या बेटावर आलात. इथं नायिकेला सल्ले दिले जातात. खलनायकाच्या आईचा उद्धार होतो. पडद्यावर कुणी भरलेल्या ताटापुढं बसलं, तर एक दीर्घ, सामुदायिक सुस्कारा उठतो. आणि त्याच्या मागोमाग हशा, स्वतःवरच.

या वर्षी सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आहे. 'फ्रेसा इ चोकोलाते', स्ट्रॉबेरी आणि चॉकलेट. तोमास गुतिएरेस आलेआ यांचा. ते आजारी आहेत, म्हणून दिग्दर्शनाला सोबत हुआन कार्लोस ताबियो. ही रांग तुम्ही पाहायलाच हवी. ती कोपऱ्यावर वळते, पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा वळते. तिच्यात डॉक्टर आहेत, सैनिक आहेत, पदर नसला तरी पदर खोचल्यासारख्या उभ्या असलेल्या बायका आहेत, आणि दोन-दोनदा पाहून पुन्हा आलेली पोरं आहेत. तुमचा नंबर लागेल, काळजी नको. तुम्ही शेवटचा कोण ते विचारलं होतंत.

गोष्ट एवढीच. दिएगो नावाचा समलिंगी, पुस्तकांवर आणि ऑपेरावर जीव टाकणारा माणूस, आणि दाविद नावाचा कट्टर, बावरलेला, पार्टीनिष्ठ विद्यार्थी. कोप्पेलिया आइस्क्रीम पार्लरच्या एका टेबलावर त्यांची गाठ पडते. चॉकलेट असताना दिएगो स्ट्रॉबेरी घेतो, एवढ्यावरून दाविद त्याच्याबद्दल मत बनवतो. गोष्ट १९७९ सालात घडते. म्हणजे हा महोत्सव पहिल्यांदा भरला ते साल. म्हणजे तुमच्याभोवतीची ही सगळी माणसंही आत्ता भूतकाळातच आलीत, फक्त तुमच्यापेक्षा जवळच्या.

या शहरात जे स्वयंपाकघरात आवाज दाबून बोललं जायचं, ते पडद्यावरून मोठ्यानं बोललं जातंय. प्रत्येक वाक्याला आधी क्षणभर स्तब्धता, मग हशाचा स्फोट. शेवटी शेवटी हशा पातळ होत जातो. ज्या एका मिठीची दिएगो सिनेमाभर वाट बघतोय, ती मिठी येते तेव्हा शेजारच्या आजींचा पंखा थांबलेला असतो. पुढच्या रांगेत एक दांडगा, गणवेशातला गडी नाकानं सूं सूं करतोय. याच चित्रपटाला महोत्सवाचं पहिलं 'कोराल' पारितोषिक मिळणार आहे, हे तुम्हाला माहीत आहे. सांगू नका. कुणी विचारलेलं नाही.

बाहेर आलात की आइस्क्रीम खावंसं वाटणं साहजिक आहे. कोप्पेलिया 'यारा'च्या समोरच आहे, १९६६ पासून, बागेत उतरलेल्या उडत्या तबकडीसारखं. फलकावर एके काळी दोन डझनांवर स्वाद असत. आज एकच आहे. स्ट्रॉबेरीही नाही, चॉकलेटही नाही. आणि रांग? विचारा.

वाटलं तर डावीकडे टेकाडावरच्या होतेल नासिओनालच्या हिरवळीवर एक चक्कर मारा. महोत्सवाचे पाहुणे तिथं पुदिन्याची रम पीत समुद्र बघत असतात, गप्पा उंची. पण तुमच्या मजल्यावरच्या कुणालाही तिथं खोली घेता येत नाही. पेय आल्यावर ते आठवतं आणि पुदिना कडवट लागतो. मी फार वेळ थांबलो नसतो.

परतताना दिवे जातात. या वेळी खरोखर. इथं याला 'आपागोन' म्हणतात. पण तो इतका नेहमीचा झालाय, की गमतीनं लोकांनी उलटा शब्द काढलाय: 'आलुंब्रोन', वीज येण्याची आपत्ती! आपल्याकडे ज्यांनी भारनियमन काढलंय त्यांना यातली कळ समजेल. काळोख असा, की स्वतःचा हात स्वतःला ओळखत नाही. सायकली घंटीवर चालतात. कुणीतरी शिट्टीवर मघाच्या सिनेमातली धून धरतं, पलीकडच्या गल्लीतून दुसरं कुणी ती उचलतं. धडाड! घाबरू नका. नऊ वाजले. खाडीपलीकडच्या किल्ल्यावरून रोज रात्री नऊला तोफ उडते. पूर्वी शहराची वेस बंद व्हायची तेव्हाची खूण. वेस नाही, दरवाजे नाहीत, तोफ आहे. अंधारात शेकडो माणसं न दिसणाऱ्या मनगटाकडे बघतात.

जिन्यात रॉकेलचा धूर. प्रत्येक मजल्यावर एक मिणमिणती बाटली, कापडाची वात घातलेली. आपण हिला चिमणी म्हणतो, इथं तिचं नाव 'चिस्मोसा', म्हणजे चोंबडी. नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण ठेवणारा ग्रेट होता. कारण ती पेटली की तिच्याभोवती कुजबूज जमतेच. बाईंचे गुडघे दुखतात, रोज तीन जिने उतरून रांगेत उभं राहणं त्यांना झेपत नाही. म्हणून रोज रात्री त्या तुम्हाला समोर बसवतात: सांग. काय पाहिलंस?

तुमचं स्पॅनिश म्हणजे भाजी-बाजारापुरतं. तरी तुम्ही सांगता. हातवारे करता, मिठीपाशी येऊन अडखळता. शेजारचा गडी उंबऱ्यात येऊन टेकतो, "नाही, तसं नाही," म्हणत दुरुस्ती करतो. त्याची बायको त्याला दुरुस्त करते. वरच्या मजल्यावरची पोरगी दिएगो होते, तिचा आजा खोकत खोकत दाविद होतो. भिंतीवर सावल्या छतापर्यंत गेल्यात. टबातून डुक्कर नुसतं फुरफुरतं. बाई पदराशिवायच्या हातानं डोळे पुसतात आणि म्हणतात, उद्या पुन्हा पाहून ये, शेवट नीट सांगितला नाहीस.

महोत्सव संपतो. रस्ता एकदम रुंद वाटायला लागतो. उत्तरेचा वारा येतो, लाटा समुद्रकाठच्या मालेकोनच्या कठड्यावरून उडी मारून थेट रस्त्यावर. पारा २० वर उतरतो आणि हवानाकर कपाटातून कोट काढतात. तुम्हाला हसू येतं, दोन दिवसांनी तुम्हीही बाईंच्या दिवंगत यजमानांचं जाकीट मागता.

मग १६ तारखेच्या रात्री त्या तुम्हाला एकट्यालाच पाठवतात, एल रिंकोनला, संत लाझारोकडे. शहराबाहेर, माणसांच्या नदीतून. कुणी जांभळ्या कपड्यांत, कुणी गोणपाट नेसून. एक जण पाठीवर सरपटतोय, घोट्याला साखळीनं दगड बांधलेला, आणि त्याचा भाऊ पुढं झाडूनं रस्ता झाडत चाललाय. लोटांगणं पाहिलेल्या तुमच्या डोळ्यांना हे परकं वाटत नाही. देव कुबड्यांवरचा, जखमांचा, पायाशी दोन कुत्री. आपल्या दत्ताच्या पायाशीही कुत्रीच, आणि महिनाही त्याचाच, मार्गशीर्षाचा. कुणीतरी तुमच्या हातात अर्धी मेणबत्ती देतं. बाईंनी काय मागायला सांगितलं होतं? डोळे. लावा मेणबत्ती. मेण बोटांवर ओघळतं, कढत, आणि सिगारच्या धुरानं घसा धरतो.

३१ तारखेला सकाळी टब रिकामा असतो. त्याबद्दल आपण बोलणार नाही. दुपारी जिन्यात, किती महिन्यांनी कोण जाणे, चरबी भाजल्याचा वास उतरतो, आणि पाचही मजल्यांची दारं आपसूक उघडतात. काळ्या घेवड्याचा भात, लसणीच्या रसातलं युका नावाचं कंदमूळ, आणि ते. तुम्ही शेवटची साबणाची वडी काढता आणि टब घासून, त्यात बसून, बादलीभर पाण्यात आंघोळ करता. उरलेली वडी बाई पुसून, कागदात गुंडाळून, सोन्यासारखी कपाटात ठेवतात.

बारा वाजायला आले. रादिओ रेलोह टिकटिकतोय. सगळा मजला बाल्कनीत लोटलाय, प्रत्येकाच्या हातात भरलेली बादली. जुनं वर्ष, त्यातली सगळी घाण, पाण्यासकट बाहेर फेकायची ही रीत. संध्याकाळपासून थेंब थेंब साठवलेलं पाणी! तुम्ही बाईंकडे बघता. त्या बादली तुमच्या हातात देतात. फेक, मी आमोर.

फेकता. खालून चाकांचा कर्कश आवाज, मग एक भिजलेला कोट आणि वर बघणारा चेहरा. त्याच्या तोंडून जे काही निघतं, त्यात 'मी आमोर' मात्र नसतं.